सोवळे आणि नळातला वायसर

संगणकाच्या जगात जे तंटे होतात त्यांतील बहुतेकांचे मूळ शेवटी पैशात सापडते. परंतु एक तंटा असा आहे की, त्यात पैशाचा संबंध फारच थोडा. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत बसलेली, एकमेकांची तोंडेही क्वचितच पाहिलेली काही शहाणीसुरती माणसे तो गेली कित्येक वर्षे भांडत आहेत. वादाचा विषय ऐकाल तर हसाल. बाजारातून आणलेल्या यंत्राच्या पोटात कंपनीची जी एक चिमुकली आज्ञावली चालते, ती आपल्या घरात घ्यावी की नाही, आणि घेतलीच तर कोणत्या दाराने घ्यावी, एवढाच तो प्रश्न. पण हा इतिहास वाचताना मला वारंवार वाटत आले की, तत्त्व आणि संसार यांची गाठ कशी घालावी हा जो तुमच्या-आमच्या घरातला जुना प्रश्न, त्याचेच हे एक नवे प्रकरण आहे.

कथेचा आरंभ होतो एका छपाईयंत्रापासून. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या एका प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तरुण काम करीत असे. तेथल्या जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की, छपाईची वाट पाहत बसलेल्या सगळ्यांना आपापल्या पडद्यावर तसा निरोप मिळे. ही सोय स्टॉलमनने स्वतः यंत्राच्या आज्ञावलीत बदल करून केली होती. पुढे झेरॉक्स कंपनीचे नवे लेझर छपाईयंत्र आले. ते वेगवान होते, सुबक होते, पण कागद त्यातही अडकेच. स्टॉलमनला तीच सोय त्यात करायची होती. परंतु या वेळी यंत्राबरोबर आज्ञावलीचा मूळ मजकूर आलाच नव्हता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका गृहस्थाजवळ आहे असे कळले, तेव्हा स्टॉलमन तिथे जाऊन त्यांना भेटला. त्यांनी नकार दिला. कोणालाही दाखवणार नाही, असे ते कंपनीला लिहून देऊन बसले होते.

शेजाऱ्याने वाटीभर साखर मागावी आणि आपण म्हणावे, ‘‘साखर आहे हो, पण न देण्याचा करार केला आहे,’’ तसाच हा प्रकार. स्टॉलमनला तो फार लागला. 27 सप्टेंबर 1983 रोजी त्याने ‘ग्नू’ नावाच्या मुक्त संगणकप्रणालीची घोषणा केली. पुढे 1991 मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा प्रणालीचा गाभा लिहिला, आणि दोन्ही मिळून एक पुरते घर उभे राहिले.

येथे ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. इंग्रजीत ‘फ्री’ म्हटले की फुकट आणि स्वतंत्र हे दोन्ही अर्थ एकाच पिशवीत येतात, आणि त्या लोकांना प्रत्येक वेळी खुलासा करीत बसावे लागते. आपली भाषा या बाबतीत सुदैवी. आपल्याजवळ ‘फुकट’ वेगळा आणि ‘मुक्त’ वेगळा. मुक्त आज्ञावली म्हणजे जी कोणीही चालवावी, उघडून वाचावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी ती. पैसे द्यावे लागोत वा न लागोत.

आता या घरात नेमके काय खुपू लागले ते पाहू. यंत्राचा जो भाग हाताला लागतो त्याला हार्डवेअर म्हणतात, म्हणजे कठीण. ज्या आज्ञा त्यावर चालतात त्या सॉफ्टवेअर, म्हणजे मऊ. 1967 मध्ये ॲशर ऑप्लर या लेखकाने ‘डेटामेशन’ या मासिकात या दोहोंच्या मधल्या वस्तूला ‘फर्मवेअर’ असे नाव दिले. ना पुरते कठीण, ना पुरते मऊ. दूध आणि खवा यांच्यामधली बासुंदी म्हणा हवे तर. ऑप्लरच्या मनात मुख्य प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म आज्ञा होत्या. पुढे हे नाव पसरले. आज तुमच्या संगणकातील वायफायचे कार्ड, आवाजाची चिप, चित्र दाखवणारे कार्ड ही सारी स्वतःच छोटे छोटे संगणक असतात. त्या प्रत्येकाच्या पोटात त्याची त्याची आज्ञावली चालते, आणि तीच त्याचे फर्मवेअर.

पूर्वी ही आज्ञावली कारखान्यातच चिपमध्ये कायमची कोरलेली असे. कोणी तिच्याकडे पाहत नसे, आणि कोणाचा आक्षेपही नसे. पुढे कंपन्यांच्या लक्षात आले की, कायमची स्मृती बसवण्याऐवजी वीज जाताच पुसली जाणारी स्मृती बसवली तर काटकसर होते, आणि चुकाही मागाहून दुरुस्त करता येतात. मात्र मग संगणक सुरू करताना प्रत्येक वेळी कोणी तरी ती आज्ञावली त्या कार्डाला पाजावी लागते. ते काम आले प्रणालीकडे. म्हणजे जी वस्तू इतके दिवस यंत्राच्या पोटात निमूट बसली होती, ती आता एक फाइल होऊन मुक्त प्रणालीच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. त्या फाइलीत नुसते आकडे. मूळ मजकूर कंपनीच्या तिजोरीत. काही फाइली तर दुसऱ्याला देण्याचीही परवानगी नसे.

आपल्याकडच्या जुन्या सोवळ्याच्या घरांत नळ आले तेव्हाची गोष्ट पुष्कळांनी आजी-पणजीच्या तोंडून ऐकली असेल. नळाचे पाणी स्वच्छ, बारमाही, दारात येणारे. पण नळाच्या तोटीत चामड्याचा वायसर असतो असे कळले आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला पुन्हा विहीर आली. कोणी देवापुरते पाणी विहिरीचे ठेवले आणि बाकीचे नळाचे घेतले. कोणी वायसराचा विषयच काढला नाही. फर्मवेअर हा मुक्त प्रणालीच्या नळातला वायसर. उपमा येथवरच ठीक आहे, पुढे नाही. आपले सोवळे माणसांना दूर ठेवण्यासाठी होते. या लोकांचे सोवळे नेमके उलट, घराची कुठलीही खोली कोणालाही बंद राहू नये म्हणून आहे. ते लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

या वायसराचे काय करायचे, याची तीन घराण्यांनी तीन उत्तरे दिली.

पहिले कडक घराणे. 2006 मध्ये निघालेली ‘ग्न्यूसेन्स’ ही प्रणाली आणि पुढे ‘लिनक्स-लिब्रे’ हा शुद्ध केलेला गाभा यांनी लिनक्समधून असली प्रत्येक फाइल वेचून काढली. इतकेच नव्हे, तर ‘अमुक नावाची फाइल सापडली नाही’ असे जे लिनक्स सांगे, त्यातले फाइलीचे नावही पुसून टाकले. नाव कळले की माणूस ती आणायला जाणार, म्हणून नावही नको! हे ऐकून कोणी हसेल. पण यामागे एक विचार आहे. ज्या वस्तूला आपण वाईट म्हणतो तिचा पत्ता आपणच सांगायचा हे त्यांना पटत नाही. गंमत अशी की, स्टॉलमनच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नियमांप्रमाणेही, फर्मवेअर जर चिपमध्ये कायमचे बंद असेल आणि कधी बदलणारच नसेल, तर ते विद्युतमंडलासारखेच समजून चालवून घेता येते. म्हणजे तीच आज्ञावली पोटात असली तर चालते, फाइलीत असली तर चालत नाही. टीकाकार या जागेवर बोट ठेवतात, आणि ते बोट अगदीच चुकीच्या जागी नसते.

दुसरे घराणे ओपनबीएसडीचे. याचा कर्ता थिओ द राड कॅनडातील कॅलगरीचा, आणि तिखट बोलण्याबद्दल प्रसिद्ध. त्याने रेघ दुसरीकडेच ओढली. कार्डाच्या चिपवर जे चालते ते कार्डाचे. ते वाटण्याची मोकळी परवानगी कंपनी देत असेल तर आम्ही घेऊ. पण आमच्या मुख्य प्रोसेसरवर, आमच्या गाभ्यात चालणारी बंद आज्ञावली एक अक्षरही घेणार नाही, आणि यंत्राशी कसे बोलायचे याची माहिती आम्हांला हवीच. हा गृहस्थ नुसते बोलून थांबला नाही. वायरलेस चिप करणाऱ्या कंपन्यांच्या मागे त्याने पत्रांचा लकडा लावला, वापरणाऱ्यांनाही पत्रे लिहायला लावली. काही कंपन्या नमल्या, काही नमल्या नाहीत. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपला 2004 चा पुरस्कार त्यालाच दिला. रेघ कोठे ओढावी यावर मतभेद, तरी लढ्याचा मान. भांडकुदळ कुटुंबातही असे प्रसंग येतात.

तिसरे घराणे डेबियन, आणि माझ्या मते खरा इतिहास इथेच आहे. कारण पहिल्या दोघांनी रेघ ओढली आणि तिच्यावर ते उभे राहिले. डेबियनला मात्र आपल्या रेघेवर वरचेवर मतदान घ्यावे लागले.

ऑगस्ट 1993 मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या इअन मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. डेब्रा या आपल्या मैत्रिणीचे आणि आपले नाव जोडून त्याने हे नाव केले. पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली, नंतर विभक्त झाली, मर्डॉक 2015 मध्ये वारलाही. जोडलेले नाव तेवढे राहिले. ही प्रणाली कोणा कंपनीची नाही. जगभरचे सुमारे हजार स्वयंसेवक ती चालवतात आणि मोठा प्रश्न आला की मत देतात. 5 जुलै 1997 रोजी त्यांनी एक ‘सामाजिक करार’ मंजूर केला. त्यात पहिलेच वचन असे की, डेबियन पूर्णपणे मुक्त राहील. त्याच करारात दुसरेही एक कलम होते: आमच्या काही वापरणाऱ्यांना अमुक्त गोष्टींची गरज पडते हे आम्ही जाणतो, त्या आमच्या प्रणालीचा भाग नाहीत, पण त्यांच्यासाठी आम्ही एक वेगळे दालन ठेवू. माजघर सोवळ्याचे, आणि ओसरीवर सर्वांची सोय. फाउंडेशनने या ओसरीवरूनच डेबियनला आपल्या पसंतीच्या यादीत घेतले नाही.

काही वर्षे हे सुरळीत चालले. मूळ करारात ‘सॉफ्टवेअर’ असा शब्द होता. फर्मवेअर म्हणजे सॉफ्टवेअर नव्हेच, असे म्हणून पुष्कळांनी वायसराकडे डोळेझाक केली. एप्रिल 2004 मध्ये सभासदांनी करार संपादकीय दुरुस्ती म्हणून सुधारला, आणि डेबियनमध्ये जे जे आहे ते सगळे मुक्त, असा अर्थ निःसंदिग्ध केला. दुरुस्ती दिसायला शब्दांची, पण तिने घर हादरले. प्रकाशनाची जबाबदारी सांभाळणाऱ्याने सांगितले की, असे असेल तर तयार होत आलेली ‘सार्ज’ ही आवृत्ती बाहेर काढता येणार नाही, कारण तिच्या गाभ्यात फर्मवेअर आहे. आधीची आवृत्ती जुलै 2002 मधली. लोक वाट पाहून थकलेले. मग पुन्हा मतदान झाले, आणि सार्ज बाहेर पडेपर्यंत नव्या शब्दांचा अंमल पुढे ढकलला गेला. सार्ज जून 2005 मध्ये आली.

त्यानंतरच्या ‘एच’ आवृत्तीसाठी 2006 मध्ये पुन्हा मतदान: शक्य तेवढे काढा, उरेल त्यासाठी अडून बसू नका. ‘लेनी’साठी 2008 च्या डिसेंबरात तिसऱ्यांदा तेच. या वेळी मतपत्रिकेच्या मांडणीवरून इतके वाजले की, प्रकल्पाच्या सचिवाने राजीनामा दिला. लेनी फेब्रुवारी 2009 मध्ये आली. एकदा माफी, दोनदा माफी, तिसऱ्यांदाही माफी. वाचणाऱ्याला वाटेल, हे वचन आता कागदावरच राहणार.

पण राहिले नाही. कोणी तरी बसून गाभ्यातील एकेक फाइल बाजूला काढीतच होते. फेब्रुवारी 2011 मध्ये ‘स्क्वीझ’ आवृत्ती आली, आणि तिच्या लिनक्स गाभ्यात अमुक्त फर्मवेअर उरले नव्हते. काढलेल्या फाइली ओसरीवरच्या दालनात गेल्या. तीनदा मुदतवाढ घेऊन का होईना, कर्ज फेडले गेले.

येथे कथा संपायला हवी होती. परंतु संसाराची कथा व्रताच्या उद्यापनाने संपत नाही.

झाले असे की, याच सुमारास संगणक बदलले. तारेचे जाळे जाऊन वायफाय आले. 2016 च्या सुमारास माझ्या भाच्याने एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन घालायचे ठरवले. मी शेजारी चहा घेत बसलो होतो. अर्ध्यावर येऊन पडद्याने वायफायची एक फाइल मागितली. भाचा म्हणाला, ‘‘मामा, नेट हवे तर ही फाइल हवी, आणि फाइल हवी तर नेट हवे.’’ कपाटाची किल्ली कपाटात! शेवटी शेजाऱ्यांच्या संगणकावरून त्याने दुसरी तबकडी उतरवून आणली. ती फर्मवेअरसह डेबियनच्याच लोकांनी तयार केलेली होती, पण तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का होता आणि ती शोधायला त्याला चांगला अर्धा तास लागला.

माझ्या डोळ्यांसमोर हे घडले म्हणून मला त्यातील विसंगती कळली. अधिकृत तबकडी पवित्र आणि पुष्कळांना निरुपयोगी. उपयोगी तबकडी अनधिकृत आणि कोपऱ्यात. एकाच घरात दोन चुली मांडल्या गेल्या होत्या.

जानेवारी 2018 मध्ये आणखी एक धक्का बसला. ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या नावांचे दोष प्रोसेसरमध्येच सापडले. त्यांतल्या काहींवर उपाय म्हणून प्रोसेसरच्या आतल्या सूक्ष्म आज्ञाच बदलायला हव्या होत्या, आणि त्या कंपनीशिवाय कोण देणार? ज्याने ती फाइल नाकारली त्याच्या प्रोसेसरमध्ये मुक्त आज्ञा आल्या असे नव्हे. कारखान्यातून आलेल्या, तितक्याच बंद आणि शिवाय सदोष अशा जुन्या आज्ञा तेवढ्या राहिल्या. नकार देऊनही सोवळे साधत नव्हते.

एप्रिल 2022 मध्ये स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हा विषय सर्वांसमोर स्पष्टपणे मांडला. डेबियनच्या तबकड्या तयार करणाऱ्या मंडळींपैकीच ते एक, म्हणजे दोन्ही चुलींवर स्वयंपाक करणारा माणूस. त्यांच्या मांडणीतील एक गोष्ट मला कायमची लक्षात राहिली. डेबियनची स्थापना अंध माणसालाही करता यावी म्हणून पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवण्याची सोय केलेली आहे. परंतु नव्या लॅपटॉपांत आवाजाच्या चिपलाच फर्मवेअर लागते. ते तबकडीवर नाही, म्हणजे आवाज नाही; आणि आवाज नाही, म्हणजे त्या माणसाला काय चुकले हेसुद्धा कळण्याची सोय नाही. डोळस माणूस निदान पडद्यावरची फिर्याद वाचून शेजाऱ्याकडे जाईल. मुक्ततेच्या नावाने दार बंद झाले होते, आणि तेही ज्याला ते सर्वांत अधिक उघडे हवे त्याच्यासाठी.

पुन्हा मतदान झाले. मतपत्रिकेवर अनेक पर्याय होते: दोन तबकड्या ठेवा, एकच ठेवा, आहे तसे चालू द्या. ऑक्टोबर 2022 च्या आरंभी निकाल लागला. एकच अधिकृत तबकडी, फर्मवेअरसह. आणि त्यासाठी करार गुपचूप वाकवायचा नाही, तर त्यातच एक वाक्य नव्याने लिहायचे. कराराला हात लावायला तिप्पट बहुमत लागते, ते मिळाले. 10 जून 2023 रोजी ‘बुकवर्म’ आवृत्ती या नव्या नियमाने निघाली. तिच्यासाठी फर्मवेअरचे एक निराळे दालन केले गेले, म्हणजे फर्मवेअर घेणाऱ्याच्या घरात बाकीच्या अमुक्त आज्ञावली आपोआप शिरू नयेत. कोणते फर्मवेअर घातले ते स्थापना करणारी आज्ञावली सांगते, आणि नकोच असेल त्याला आरंभीच ‘कधीही नको’ असे बजावता येते.

या बदलाची फळे आपल्यालाही मिळाली आहेत. डेबियनची स्थापना मराठीतून करता येते. आपल्या सी-डॅकने केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली. आणि बुकवर्म आली त्याच वर्षी सप्टेंबरात डेबियनचे वार्षिक संमेलन कोचीला भरले होते.

कडक घराण्याचे लोक विचारतात, ‘‘मग हरलात ना?’’ मी या प्रश्नावर बराच विचार केला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सगळ्यांनीच निमूटपणे फाइली घेतल्या तर कंपनी कशाला उघड करील? क्वालकॉम-अथेरॉस कंपनीने 2013 मध्ये वायफायच्या एका चिपचे फर्मवेअर मूळ मजकुरासह मोकळे केले. इटलीत ब्रेशिया विद्यापीठाच्या मंडळींनी ब्रॉडकॉमच्या काही चिपांसाठी स्वतःच मुक्त फर्मवेअर लिहून दाखवले. नाही म्हणणारे आणि मागत राहणारे कोणी तरी असल्यावाचून असल्या गोष्टी घडत नाहीत. त्यामुळे कडक घराणे हवेच. पण प्रत्येक घर मठ झाले तर वस्ती राहत नाही.

माझ्या मते डेबियनने जपलेली गोष्ट वेगळीच आहे. तडजोड जगात सगळेच करतात. बहुतेक जण ती करून वर तत्त्व शाबूत असल्याचा आव आणतात. काही जण एकदा तडजोड केली म्हणून तत्त्वच सोडून देतात. या हजार माणसांनी अठरा वर्षे भांडून तिसरी वाट काढली. तडजोड केली ती सर्वांसमोर मत देऊन, तिला वेगळी खोली दिली, दारावर पाटी लावली, आणि पहिले वचन पुसले नाही. पाटी लावलेली असली म्हणजे उद्या कोणाला तरी विचारता येते, ‘‘ही खोली अजून का लागते?’’ पाटीच नसेल तर प्रश्नही मरतो.

आणि तो प्रश्न जिवंत राहायलाच हवा. आता पुष्कळ नव्या चिपा कंपनीची डिजिटल सही असलेले फर्मवेअरच स्वीकारतात. 2014 नंतरच्या एनव्हिडियाच्या चित्र-कार्डांनी हे मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना चांगलेच शिकवले. म्हणजे ब्रेशियासारखे कोणी उद्या पर्यायी फर्मवेअर लिहिलेच, तरी यंत्र ते घेणार नाही. विकत घेतले कोणी, मालक कोण, हा स्टॉलमनच्या छपाईयंत्राचाच प्रश्न. फक्त आता करार माणसाने सही करून दिलेला नाही, तो चिपमध्येच कोरलेला आहे. ज्यांनी आपल्या दारावरच्या पाट्या खऱ्या ठेवल्या आहेत, तेच पुढचे भांडण भांडू शकतील.